स्फटिकातली लवचीकता येते कुठून?

2025 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमर याघी यांना मिळाल्यापासून धातू-सेंद्रिय चौकटींविषयी, म्हणजे धातूच्या गाठी सेंद्रिय रेणूंच्या दांड्यांनी जोडून बनलेल्या सच्छिद्र स्फटिकांविषयी, पुष्कळ लिहिले गेले. पण त्यातले बरेचसे लेखन छिद्रांच्या अफाट पृष्ठफळाभोवतीच फिरते. मला मात्र यांतल्या काही चौकटींची लवचीकता अधिक मोलाची वाटते.

रसायनशास्त्रज्ञ जेरार फेरे यांच्या गटाने फ्रान्समधील वर्साय येथे घडवलेला एमआयएल-53 हा अशाच चौकटीचा पदार्थ पाहा. त्यात क्रोमियमच्या साखळ्या टेरेफ्थॅलेट या सेंद्रिय रेणूच्या ताठ दांड्यांनी जोडलेल्या असतात आणि मध्ये समभुज चौकोनी बोगदे तयार होतात. दांडी फारशी वाकत नाही. वळतो तो धातू आणि दांडीच्या टोकाचा कार्बोक्झिलेट गट यांचा सांधा, आणि त्यामुळे सगळी रचना दुकानाच्या सरकत्या जाळीदार दारासारखी मिटते किंवा उघडते. हवेतले पाणी आत शिरून भिंतींशी हायड्रोजन बंध बांधते, तेव्हा बोगदे आक्रसतात. तापवून ते काढले की पुन्हा रुंदावतात. कोरड्या चौकटीत खोलीच्या तापमानाला कार्बन डायऑक्साइड सोडला, तर कमी दाबाला ती त्या रेणूंभोवती आवळली जाते आणि दाब पुरेसा वाढला की पुन्हा उघडते. त्याच तापमानाला मिथेन मात्र तिला असे आवळत नाही, कारण भिंतीवरच्या हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजन) गटांशी त्याचे आकर्षण क्षीण असते.

म्हणजे लवचीकतेसाठी मऊ घटकच शोधावे लागतात असे नाही. एमआयएल-88बी आणि एमआयएल-101 या आणखी दोन चौकटींत तीन धातू-अणूंची तीच गाठ आणि तेच टेरेफ्थॅलेट असते, तरीही जोडणीचा आराखडा वेगळा असल्याने एमआयएल-101 ताठ राहतो, तर 88 च्या कुटुंबातले पदार्थ द्रावक शोषून, बंध न तुटता, आकारमानाने 85 ते 230 टक्क्यांपर्यंत वाढतात. माझ्या मते या विषयातला सर्वांत सुंदर निष्कर्ष हाच आहे.

आराखडा ठरल्यावरही प्रतिसाद किती असावा हे दांडीवरून ठरवता येते. एमआयएल-88बी वाळल्यावर पुरता मिटतो. पण दांडीतल्या बेंझिनच्या कड्यावर चार मिथाइल गट बसवले, तर ते एकमेकांना अडतात आणि कोरडेपणीही छिद्रे मोकळी राहतात.

अशा चौकटींनी वायू एकमेकांपासून वेगळे करायचे, तर खरी अडचण मिश्रणांची आहे. एका वायूने चौकट उघडली की त्याच वाटेने दुसराही आत शिरू शकतो, म्हणून प्रत्येक वायूवर स्वतंत्रपणे घेतलेल्या मापनांवरून मिश्रणातली निवडकता, म्हणजे एकच वायू वेचून घेण्याची क्षमता, गृहीत धरता येत नाही. ती मिश्रणावरच मोजावी लागते.