पानगळ झाली की रोपखरेदी

आपल्याकडे झाडं लावायची ती मृगाचा पाऊस पडल्यावर. इथे नेदरलँड्समध्ये मुहूर्त वेगळा: पानं गळून झाडं झोपी गेली की. साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रोपं जमिनीतून काढून, माती झाडून, नुसत्या मुळांनिशी विकतात. कुंडी नाही, माती नाही, म्हणून वजन कमी आणि किंमतही कुंडीतल्या रोपापेक्षा बरीच कमी. झाडांचं कुंपण करायचं तर मीटरला चार-पाच रोपं लागतात, तेव्हा हा फरक चांगलाच जाणवतो.

अडचण एवढीच की रोपवाटिकावाले सहसा सुटी रोपं देत नाहीत. बहुतेक वेळा पंचवीसची जुडी घ्यावी लागते. म्हणून आमच्या गल्लीत सगळे मिळून मागणी नोंदवतात. शेजारच्या एक आजी यादी करतात, पैसे ‘टिकी’ अ‍ॅपवरून आधीच गोळा होतात आणि ठरलेल्या शनिवारी जुड्या त्यांच्या अंगणात उतरतात. पैसे आधी, या नियमाबाबत त्या फार काटेकोर आहेत आणि मला ते पटतं. रोपं आपल्या मागणीवरून उपटलेली असतात. ऐनवेळी कुणी नको म्हटलं तर त्यांचं करायचं काय?

आमची रोपं येतात बॉसकोपहून. समुद्रसपाटीपेक्षाही खाली असलेलं हे गाव, जमीन मऊ, काळी, पाणथळ. शेतं म्हणजे लांबच लांब अरुंद पट्ट्या आणि दोन पट्ट्यांमध्ये पाण्याचे चर. पूर्वी रोपांची ने-आण होड्यांतून व्हायची. आम्हाला हवं होतं बीच नावाच्या झाडाचं कुंपण, हिवाळ्यातही वाळकी तांबूस पानं धरून ठेवणारं. रोपवाटिकेच्या मालकांनी आधी विचारलं, माती कशी आहे? चिकणमाती, पाणी साचतं, म्हटल्यावर त्यांनी बीच द्यायला साफ नकार दिला. त्याला पाय ओले चालत नाहीत, हॉर्नबीम घ्या, म्हणाले. दिसायला जवळपास तसंच, पण ओल सोसणारं. थेट पिकवणाऱ्याकडून घेण्याचा खरा फायदा मला स्वस्ताईपेक्षा हाच वाटतो. आपली माती विचारून मग रोप देणारा माणूस समोर असतो.

वाटपाच्या दिवशी घाई असते ती मुळांसाठी. ऊन आणि वारा लागला की बारीक मुळं सुकतात, म्हणून जुड्या सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवतात. घरी नेऊन मुळं थोडा वेळ पाण्यात बुडवायची आणि त्याच दिवशी लावायची. जमीन गोठलेली असेल, तर आधी जपून ठेवलेल्या मोकळ्या मातीत मुळं गाडून ठेवायची.

जुडीवर एक छोटी पट्टी असते, तिला वनस्पतींचा पासपोर्ट म्हणतात. तिच्यावर शास्त्रीय नाव, उत्पादकाचा नोंदणी क्रमांक, मूळ देश वगैरे असतं. 2013 मध्ये इटलीच्या दक्षिणेत ऑलिव्हच्या झाडांवर झायलेला हा जिवाणूजन्य रोग सापडला. अशा रोगांच्या धास्तीने युरोपीय संघाने नियम कडक केले आणि डिसेंबर 2019 पासून लागवडीच्या सगळ्याच रोपांच्या व्यापारात हा पासपोर्ट आला. जुडी फोडली तरी आजी ती पट्टी वहीत चिकटवून ठेवतात. उद्या एखाद्या रोपावर रोग दिसला, तर ते कुठून आलं ते लगेच सांगता येतं.

येताना एखादं रोप आणशील का, असं घरून हमखास विचारतात. नाही आणता येणार. भारतात त्यासाठी आधी आयात परवाना लागतो, इथल्या सरकारी यंत्रणेचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं, आणि उतरल्यावर तपासणी होते. झायलेलाची गोष्ट ऐकल्यापासून मला या नियमांचा जराही कंटाळा येत नाही.