रोमन नाणं गळ्यात घालायचं तर

नाशिकच्या सराफ बाजाराला पुतळीहार नवा नाही. त्यातल्या पुतळीचं मूळही परदेशीच, व्हेनिसच्या डुकाट नाण्यात. पण आजची पुतळी सोनार घडवतो. वाकली तर दुसरी पाडून देतो. सोळाशे-सतराशे, कधी दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन नाण्याला ही सोय नाही. तेव्हा त्याला भोक पाडायचं नाही, झाळ लावायची नाही, उजाळा द्यायचा नाही. जी कारागिरी करायची ती कोंदणावर.

पूर्वी भोकं पाडायचेच की, असं कोणी म्हणेल. खरं आहे. भारतात सापडलेल्या कितीतरी रोमन नाण्यांना भोक किंवा कडी आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला तर रोमन नाण्याच्या नकलेची मातीची लॉकेटं मिळाली. पण त्या लोकांना ती नाणी ताजी होती.

नाणं कोणतं? बायबलमधल्या ‘कैसराचे ते कैसराला’ प्रसंगातलं म्हणून रोमन सम्राट टायबेरियसचा (इ. स. १४–३७) चांदीचा दिनारियस सगळ्यांना हवा असतो. वजन साधारण ३.८ ग्रॅम. महाग, आणि नकलाही त्याच्याच फार. रोज घालायला सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातलं तांब्या-काशाचं नाणं बरं : मागे दोन सैनिक, मधे ध्वज, व्यास १७-१८ मिमी. ही नाणी उदंड पाडली गेली, म्हणून स्वस्त.

या नाण्यांचा खरा शत्रू क्लोराइड. जमिनीतलं मीठ तांब्यात मुरलेलं असतं. दमट हवा लागली की त्यातून आम्ल बनतं, ते आणखी तांबं खातं आणि चक्र थांबत नाही. फिकट हिरवी, बोटाला लागणारी पूड दिसली की हे चक्र सुरू झालं समजायचं. घट्ट, गुळगुळीत हिरवा-तपकिरी थर मात्र नाण्याचं कवच आहे, तो चिंच-लिंबाने घासून काढणं म्हणजे सालच सोलणं. कोंदणाआधी नाणं हवाबंद डब्यात ओल्या कापसाशेजारी, कापसाला टेकू न देता, दोन दिवस ठेवा. पूड आली तर ते घालायचं नाही. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत जाऊ द्या. नाही आली तर मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा (संरक्षक मेणाचा) पातळ हात द्या. नाशिकच्या श्रावणात ही चाचणी वगळणाऱ्याला दिवाळीपर्यंत फळ दिसतं.

कोंदणाला शुद्ध चांदीची ०.३ मिमी पट्टी घ्या, ९२.५ची चांदी कडक, ती वळवताना नाण्यावर जोर येतो. पट्टीची उंची नाण्याच्या जाडीपेक्षा १ मिमी जास्त. रोमन नाणं गोल नसतं, म्हणून त्याची कड कागदावर गिरवून त्या मापानेच पट्टी वळवायची. कडी, झाळकाम, तेजाबातली सफाई, हे सगळं नाणं कोंदणाबाहेर असताना. मग सोड्याच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवायचं. फटीत राहिलेलं तेजाब आतून नाणं खातं आणि महिन्याने दोष नाण्याला लागतो. कडीची जागा ठरवताना नाणं उलटून बघा : पुष्कळदा मागचं चित्र उलटं येतं, कोणती बाजू सरळ हवी ते आधीच ठरवा.

जुनी चांदी ठिसूळ झालेली असते. दहापट भिंगातून दिनारियसच्या काठाला चीर दिसली तर कोंदण दाबूच नका. दोन कड्यांची स्क्रूवाली चौकट वापरा. ती ओबडधोबड दिसते, पण आच नाही आणि दाबही बेताचाच. घामातही मीठ असतं, म्हणून पदक कपड्यावरून घालावं आणि काढल्यावर कोरड्या सुती कापडाने टिपावं.

विक्रेत्याकडे पुरावस्तू विकण्याचा परवाना आहे का, हे विचारायला लाजू नका. १९७२च्या कायद्याने शंभर वर्षांपुढचं नाणं पुरावस्तू ठरतं. परदेशातल्या लेकीला भेट म्हणून परस्पर पाठवता येत नाही. शेतात सापडलेलं नाणं तर सोनाराकडे नेऊच नये, १८७८च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आपल्याकडे ही लांबची गोष्ट नाही : १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी निघाली. त्यांवरचा राजाचा चेहरा आणि भोवतीची ग्रीक अक्षरं पाहिली की रोमन दिनारियसच आठवतो. नजर तयार करायची असेल तर खरेदीआधी अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेतली नाणी बघून या.