आधी खिडकी मोजली

सामान हलवायचं म्हणजे टेम्पो बोलवायचा, शेजारच्या पोरांना हाक मारायची आणि संध्याकाळी सगळ्यांना मिसळ खाऊ घालायची, एवढंच मला माहीत होतं. पंचवटीतून गंगापूर रोडला आलो तेव्हा दोन फेऱ्यांत घर हललं होतं. त्यामुळे फेब्रुवारी २०२४मध्ये नवऱ्याला ॲम्स्टरडॅमच्या नोकरीचं पत्र आलं तेव्हा मला काळजी होती ती लेकीच्या शाळेची. सामानाचं काय, ते जाईल बोटीने!

पहिल्या पॅकर्सचा माणूस सर्व्हेला आला. त्याने सगळ्या खोल्या फिरून टॅबवर टिकटिक केली आणि म्हणाला, "ताई, नऊ क्युबिक मीटर भरेल." वीस फुटी कंटेनरात साधारण तेहतीस क्युबिक मीटर जागा असते. म्हणजे अख्खा कंटेनर घेणं आम्हाला परवडणारं नव्हतं. आमचं सामान इतर लोकांच्या सामानासोबत एका कंटेनरात जाणार, ते सगळं जमेपर्यंत गोदामात थांबणार. मग त्याने विचारलं, "तिकडे कितवा मजला? लिफ्ट आहे का?" आम्हाला तोवर तिकडचं घरच मिळालेलं नव्हतं. "मग हे कोटेशन अंदाजे धरा," असं म्हणून त्याने चहा घेतला आणि गेला.

तीन कोटेशनं आली. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग यांत जवळजवळ दुपटीचा फरक. मी आधी खूश झाले, मग रात्री बसून बारीक अक्षरं वाचली. स्वस्तवाल्याने रॉटरडॅम बंदरातला हाताळणीचा खर्च धरलाच नव्हता. तिथल्या कस्टम्सचं काम, जिन्याचा जादा आकार, बाहेरून लावायची शिडी-लिफ्ट हे सगळं 'प्रत्यक्षानुसार'. या एका शब्दात माणूस बुडू शकतो. मी तिघांनाही एकच तक्ता पाठवला आणि प्रत्येक रकान्यात आकडा भरा म्हणून सांगितलं. दोघांनी भरला. तिसऱ्याचा फोन नंतर लागलाच नाही.

नवरा एप्रिलमध्ये पुढे गेला. तीन आठवड्यांनी योर्दान भागात घर मिळालं. सतराव्या शतकात कालव्यांची मोठी वर्तुळं खणायला घेतली तेव्हा कारागीर-मजुरांसाठी वसलेली ही पेठ. आज तिथलं भाडं ऐकून मजुराला घेरी येईल. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. नवऱ्याने व्हिडिओवर जिना दाखवला आणि मला वाटलं तो माळ्याची शिडी दाखवतोय. इतका उभा की उतरताना पाठमोरं उतरावं. रुंदी सत्तर सेंटिमीटर, आणि मध्ये एक वळण.

इथे आमचा खरा प्रश्न सुरू झाला, आणि त्याचं नाव होतं कपाट.

सासूबाईंच्या लग्नात, १९६८ साली, त्यांच्या माहेरून आलेलं सागवानी कपाट. सहा फूट उंच, साडेतीन फूट रुंद, दाराला बेल्जियम आरसा. (तो खरंच बेल्जियमचा आहे का, हे विचारायची आमच्या घरात कुणाची हिंमत नाही.) आई म्हणाल्या होत्या, "मी काही येत नाही तिकडे, पण कपाट नेलंत तर मला बरं वाटेल." यावर काय बोलणार?

आमच्या सुताराला बोलावलं. म्हटलं, सुटं करून देता येईल का? त्याने कपाटाभोवती फेरी मारली, खाली वाकून पाहिलं, ठोकून पाहिलं. "वहिनी, यात खिळा नाही. लाकडात लाकूड बसवलंय. दारं काढून देतो, वरची कमान काढून देतो. सांगाडा फोडला तर परत असा बसणार नाही." मग म्हणाला, आंब्याच्या फळ्यांचा मस्त खोका करून देतो. तेही जमलं नाही. परदेशी जाणाऱ्या कच्च्या लाकडाच्या खोक्याला उष्णतेची किंवा धुरीची प्रक्रिया केलेली असावी लागते आणि त्यावर कणसाचं चिन्ह असलेला शिक्का लागतो. कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून. कपाटाला शिक्का लागत नाही, खोक्याला लागतो. सुताराला हे पटलं नाही. मलाही पटायला वेळ लागला.

मग आम्ही उलट्या टोकाने विचार करायला लागलो. नाशिकच्या घरात काय आहे ते बाजूला ठेवलं, आधी तिकडची खिडकी मोजली. ॲम्स्टरडॅमच्या जुन्या घरांच्या माथ्यावर पुढे आलेलं एक तुळईचं टोक असतं आणि त्याला हूक असतो. जिने अरुंद, म्हणून शतकानुशतकं सामान त्या हुकाला दोर लावून खिडकीतूनच वर चढतं. कित्येक घरं मुद्दाम रस्त्याकडे किंचित झुकती बांधलेली आहेत, वर चढणारं सामान भिंतीला घासू नये म्हणून. मी हे वाचलं तेव्हा मला त्या लोकांबद्दल एकदम आपलेपणा वाटला. कपाट न सोडणारी माणसं तिथेही होती तर!

खिडकी पंच्याण्णव सेंटिमीटर रुंद, दीड मीटर उंच. कपाट आडवं, कुशीवर केलं तर सहज जाईल. पण खिडकी वर सरकणारी. उघडते फक्त खालची अर्धी. त्या अर्ध्यातून कपाट कसंही फिरवलं तरी जात नव्हतं. आम्ही पुठ्ठ्याचा चौकोन कापून रात्री साडेअकराला व्हिडिओ कॉलवर करून पाहिलं. म्हणजे दोन्ही तावदानं चौकटीतून काढावी लागणार. घर वारसा यादीतलं, म्हणून घरमालकाची लेखी परवानगी हवी. ती नऊ दिवसांनी आली, अटीसकट: तावदानं काढायची ती जाणकाराने, आणि त्याच दिवशी परत बसवायची.

एवढं ठरल्यावर बाकीची यादी आपोआप आवरली. सोफा नाही. दिवाण नाही. वॉशिंग मशीन नाही. वीज दोन्हीकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. त्यामुळे मिक्सर चालतो, फक्त पिना बदलाव्या लागतात. पण तिकडची शेगडी इंडक्शनची, म्हणून ॲल्युमिनियमचे तिन्ही कुकर बहिणीला दिले. स्टीलचे दोन नवे घेतले आणि ते बोटीच्या सामानात घातले नाहीत. त्यालाही कारण आहे.

युरोपीय संघात राहायला जाणाऱ्याला घरचं सामान करमुक्त नेता येतं, पण त्याला नियम आहेत. तुम्ही त्याआधी सलग किमान बारा महिने संघाबाहेर राहिलेले असायला हवेत. वस्तू तुमच्या मालकीच्या आणि किमान सहा महिने वापरातल्या हव्यात. आणि तिथे गेल्यावर बारा महिने त्या विकायच्या, भाड्याने किंवा उसन्या द्यायच्या नाहीत. दारू-तंबाखूला ही सवलत नाही. त्यामुळे जाण्याच्या उत्साहात मार्चमध्ये केलेली नवी खरेदी ही शुद्ध चूक असते, आणि आम्ही ती थोडी केलीच. विमानाने येणाऱ्या मोठ्या माणसाला ४३० युरोपर्यंतच्या वस्तू करमुक्त आणता येतात, म्हणून कुकर माझ्या बॅगेत, बिलासकट.

मे महिन्यात पॅकिंगची माणसं आली. पाऊस सुरू व्हायच्या आत सामान न्हावाशेवाला पोचवायचंच, हे मी हट्टाने धरून बसले होते. ओल घेऊन बंद झालेलं खोकं दीड-दोन महिने कंटेनरात राहिलं की आत काय होतं ते कोकणातल्या कुणालाही विचारा.

त्या दिवशी तीन गोष्टी अडल्या. पहिली समई. सुपरवायझर यादी लिहीत होता आणि आई कौतुकाने म्हणाल्या, "ही माझ्या आजेसासूबाईंची. सव्वाशे वर्षं तरी झाली असतील." त्याचं पेन थांबलं. शंभर वर्षांहून जुन्या पुराणवस्तू देशाबाहेर न्यायला १९७२च्या कायद्याने बंदी आहे, आणि हस्तलिखिताला ती मर्यादा पंचाहत्तर वर्षांची. वस्तू पुराणवस्तू नाही असा दाखला पुरातत्त्व खात्याकडून घेता येतो, पण आईंनी आता सगळ्यांसमोर वय सांगून टाकलेलं. समई राहिली. सोबत हाताने लिहिलेली पोथीही राहिली. आई वरवर हळहळल्या, पण मला वाटतं समई घरातच राहिली याचा त्यांना आनंद झाला असावा.

दुसरं मोरपीस. देवघरात बाळकृष्णामागे खोचलेलं. ते त्याने अलगद काढून आईंच्या हातात दिलं. "आजी, मोरपिसाला निर्यातबंदी आहे."

तिसरं, घंगाळ. त्यात जुन्या साड्यांच्या घड्यांखाली किलोभर कढवलेलं तूप निघालं. मी आईंकडे पाहिलं, आई खिडकीबाहेर पाहत होत्या. संघाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला परवानगी नाही, आणि एका डब्यापायी सगळं सामान तपासणीला अडकू शकतं. ते मागे ठेवावं लागलं. मेतकूट मात्र माझ्या बॅगेतून गेलं.

यादी इंग्रजीत. विळीचं 'फ्लोअर नाइफ' झालं, पुरणयंत्राचं 'रोटरी सीव्ह', पाटा-वरवंट्याचं 'स्टोन स्लॅब विथ रोलर'. मी दोन खोकी आधीच स्वतः भरून ठेवली होती, तेवढंच काम हलकं म्हणून. ती त्यांनी उघडून परत भरली. मालकाने भरलेल्या खोक्यात काही फुटलं तर विमा सहसा मिळत नाही, आणि कस्टम्सचंही अशा खोक्यांकडे जरा जास्त लक्ष जातं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण तो छळ सगळ्यांना ठाऊक आहे. जन्मदाखले आणि विवाह दाखला, त्यावर आधी मंत्रालयातून साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा. माझ्या जन्मनोंदीत नावच नव्हतं, नुसतं 'स्त्री' आणि वडिलांचं नाव. ते भरून घ्यायला महिना गेला. पुढे ॲम्स्टरडॅमच्या पालिकेत नोंदणीला गेलो तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी तीन पासपोर्ट समोर मांडले. माझ्या नावात मधे नवऱ्याचं नाव, लेकीच्या नावात मधे बापाचं नाव, आणि तिसरा तो स्वतः. त्यांनी अत्यंत गंभीरपणे विचारलं, "तुमच्यापैकी या नावाचं नक्की कोण?"

आम्ही जूनमध्ये पोचलो, सामान नाही. २०२३च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होत होते, त्यामुळे बहुतेक कंटेनर जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जात होती. तीन-चार आठवड्यांच्या प्रवासात आणखी दीड-दोन आठवड्यांची भर. त्यात गोदामातला मुक्काम, मग करमाफीचा परवाना. तो नवऱ्याचा नोकरीचा करार, भाडेकरार, नोंदणी आणि सामानाची यादी जोडून आम्ही मागितला होता. आठवड्याभराचे कपडे आणि दोन कुकर यांवर दोन महिने काढले. गादी एका शेजाऱ्याने दिली. जमिनीवर बसून जेवायची आम्हाला सवय आहे हे कळल्यावर तो जरा निश्चिंत झाला.

ऑगस्टमध्ये ट्रक येणार, तर ट्रक येऊ शकत नव्हता. शहराच्या मध्यभागात साडेसात टनांवरच्या वाहनांना खास परवानगीशिवाय मज्जाव आहे. कालव्यांच्या काठच्या भिंती जुन्या, लाकडी खुंटांवर उभ्या. २०२०मध्ये ग्रिमबुर्गवाल इथली एक भिंत चक्क पाण्यात कोसळली. डॅम चौकातला राजवाडासुद्धा १३,६५९ खुंटांवर उभा आहे, मग भिंतींचं काय घेऊन बसलात? सामान दोन छोट्या व्हॅनमध्ये विभागलं. दारासमोरची जागा अडवून ठेवायची परवानगी आधीच काढलेली होती. त्याची पत्रकं खांबावर लागली तरी आदल्या रात्री कुणीतरी तिथे गाडी लावून गेलंच. सकाळी सात वाजता नवरा दारं वाजवत फिरला. गाडीवाले आजोबा गाउनमध्येच खाली आले, गाडी काढली आणि मग कपाट बघायला थांबले.

हूक वापरला नाही. त्याची ताकद तपासलेली नव्हती, आणि शिडी-लिफ्टवाल्याने त्याकडे पाहून नुसती मान हलवली. तावदानं निघाली. आई नाशिकहून व्हिडिओवर होत्या, तिकडे दुपारची झोप सोडून. कपाट पट्ट्यांनी आवळून शिडीवर चढलं, दुसऱ्या मजल्यापाशी मिनिटभर थांबलं. त्या मिनिटात कुणी बोललं नाही. मग ते खिडकीतून कुशीवर आत आलं, आमच्या पुठ्ठ्याच्या चौकोनासारखं.

"आरशाला काही झालं नाही ना?" आईंचा पहिला प्रश्न.

काही झालं नव्हतं. दारं बसवली, कमान बसवली. पाट्याचा एक कोपरा टवकला होता, चिनी मातीच्या दोन बरण्या फुटल्या होत्या, बरण्यांचे पैसे विम्यातून आले.

फक्त एक झालं. कपाटाचं दार लावलं की आपोआप उघडायचं. बिजागरीचा दोष नव्हता, घराची जमीनच रस्त्याकडे उतरती आहे. नवऱ्याने खोक्यात कोंबलेलं नाशिकचं एक जुनं वर्तमानपत्र काढलं, आठ घड्या घातल्या आणि पुढच्या उजव्या पायाखाली सरकवलं. दार आता लागतं. दर दोन-तीन महिन्यांनी घडी दबते, मग आणखी एक पान घालावं लागतं.