वर जाणारी बाटलीसुद्धा पडतच असते

गेली कित्येक वर्षं मी भेटेल त्याला एक गोष्ट साफ चुकीची सांगत आले: अवकाशात गुरुत्वाकर्षण नसतं, म्हणून अंतराळवीर तरंगतात. कधीतरी कुणाकडून तरी ऐकलं होतं, तेच पुढे सरकवत राहिले. मग भाचीच्या प्रोजेक्टसाठी सहज आकडेमोड करायला बसले आणि जीभ चावली.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटरवर फिरतं. ऐकायला लांब वाटतं. पण गुरुत्वाकर्षणाचा हिशोब पृथ्वीच्या केंद्रापासून करायचा असतो. आपण केंद्रापासून ६,३७१ किलोमीटरवर, स्थानक ६,७७१ वर. भागाकार करून वर्ग केला की उत्तर येतं ०.८८५. म्हणजे तिथे पृथ्वीची ओढ इथल्या जवळजवळ ८९ टक्के आहे! कुणी तेवढा उंच मनोरा बांधला आणि ६० किलोचा माणूस त्याच्या टोकाला वजनकाट्यावर उभा राहिला, तर काटा ५३ किलो दाखवेल. तरंगण्याचं नाव नाही.

अंतराळवीर तरंगतात कारण ते सतत पडत असतात. हे वाक्य मी भाचीला ऐकवलं. तिने माझ्याकडे जसं पाहिलं, त्यावरून कळलं की वाक्याने काम भागणार नाही. म्हटलं, बाटली आण.

प्लास्टिकची बाटली, बुडाजवळ गरम केलेल्या खिळ्याने पाडलेलं भोक. बोटाने भोक दाबून बाटली काठोकाठ भरली, झाकण घट्ट लावलं, बोट काढलं. आता धार लागायला हवी. थेंबसुद्धा नाही. मी बाटली हलवून बघते, भोक मोठं करायला पुन्हा खिळा शोधते, तोवर भाची म्हणाली, "मावशी, झाकण काढ ना." हवा आत शिरायला वाटच ठेवली नव्हती मी. एवढ्याशा भोकातलं पाणी बाहेरच्या हवेने अडवून धरलं होतं. विज्ञान समजावून सांगणाऱ्या बाईची ही अवस्था.

झाकण काढल्यावर छान धार लागली. मग मी उंच स्टुलावर चढले, खाली बादली ठेवली आणि हात सरळ करून बाटली सोडली. दोन मीटरसुद्धा उंची नाही, बादलीत पोचायला जेमतेम ०.६ सेकंद. डोळ्यांना काही कळत नाही, म्हणून फोनवर स्लो मोशनमध्ये घेतलं: सेकंदाला २४० चित्रं, म्हणजे त्या पडण्याची दीडशेच्या आसपास. पहिल्या चित्रात धार आहे. बोटं सुटली आणि भोकाजवळ धार तुटली. सुटलेलं पाणी वेगळं खाली चाललंय, बाटलीतलं आत गप्प बसलंय. भोक उघडं, झाकण उघडं, तरी थेंब बाहेर येत नाही.

कारण सोपं आहे. बाटली हातात असते तेव्हा वरचं पाणी खालच्या पाण्यावर रेलतं, त्या दाबाने धार बाहेर पडते. सोडली की बाटली आणि पाणी एकाच वेगाने पडू लागतात. कुणी कुणावर रेलायचं?

इथवर मला ठाऊक होतं. पुढचं नव्हतं. भाची म्हणाली, "आता वर फेक." मी मनात म्हटलं, वर जाताना धार चालू राहील आणि खाली येताना थांबेल. तरी फेकली. पहिल्यांदा बाटलीने गिरकी घेतली आणि पाणी भिंतीभर उडालं. चौथ्या खेपेला ती सरळ उभीच्या उभी वर गेली. व्हिडिओ पाहिला तर हातातून सुटल्या क्षणी धार बंद! वर जाताना बंद, टोकाला बंद, खाली येताना बंद. पडणं म्हणजे खाली जाणं, हे डोक्यात इतकं घट्ट बसलेलं असतं, पण बाटली हातातून सुटली तेव्हाच पडायला लागली होती.

फोनमध्येही हे बघता येतं. त्वरणाचे आकडे दाखवणारं एखादं अ‍ॅप उघडून फोन टेबलावर ठेवा. फोन जागचा हलत नाही, तरी आकडा ९.८ च्या जवळ. तोच फोन गादीवर फेकला की हवेत असेपर्यंत जवळपास शून्य. फोनला कळतो तो टेबलाचा रेटा. आपल्यालाही तेच कळतं. ज्याला आपण आपलं वजन म्हणतो, ती तळपायांना लागणारी जमीन असते. १९०७ मध्ये बर्नच्या पेटंट कचेरीत बसलेल्या आइन्स्टाइनला सुचलं ते हेच: पडणाऱ्या माणसाला स्वतःचं वजन जाणवणार नाही. आयुष्यातला सर्वांत आनंदाचा विचार, असं तो पुढे याला म्हणाला.

राहिला प्रश्न, स्थानक पडतंय तर आदळत का नाही. कुठलीही वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडते. आणि पृथ्वी इतकी गोल आहे की सरळ ८ किलोमीटर गेलात तर जमीन पायाखालून सुमारे ५ मीटर खाली वळलेली असते. म्हणजे सेकंदाला ८ किलोमीटरच्या आसपास आडवं पळायचं, की जेवढं पडाल तेवढीच जमीनही खाली जाते. स्थानकाच्या उंचीवर ७.७ पुरतात. दीड तासात एक फेरी, दिवसाला साधारण सोळा. रॉकेटचं बरंचसं इंधन खर्ची पडतं ते उंची गाठण्यापेक्षा हा आडवा वेग मिळवण्यात.

भाचीला शेवटी एकच अडचण राहिली. तिथे काटाही सोबत पडत असणार, मग अंतराळवीर आपण बारीक झालो की जाड, हे बघतात कसं? मी उत्तर द्यायच्या आधी तिने एक भरलेली आणि एक रिकामी बाटली उचलली, दोन्ही हात आडवे करून जोरजोरात मागेपुढे हलवल्या आणि म्हणाली, "असं. भरलेली पटकन हलत नाही."

स्थानकावर स्प्रिंगचं एक यंत्र आहे. अंतराळवीर त्याला घट्ट चिकटून राहतो, स्प्रिंग त्याला झुलवते, आणि झोका किती सावकाश पडतो त्यावरून किलो निघतात.