तुम्ही विचारलंत म्हणून: सिलिअ‍ॅक असताना हॉटेलात कसं खायचं?

"मुलीला सिलिअ‍ॅक आहे, मग तिला घेऊन हॉटेलात जाता तरी कशा?" हा प्रश्न मला नातेवाईक विचारतात, शाळेतल्या इतर आया विचारतात. ज्यांच्या घरी हे निदान नुकतंच झालंय, त्यांच्या आवाजात तर भीतीच असते. मुख्यतः त्यांच्यासाठी लिहिते आहे. सिलिअ‍ॅक म्हणजे गव्हासारख्या धान्यातलं ग्लुटेन हे प्रथिन अजिबात न चालणारा आजार.

आम्ही जातो, आणि शक्यतो मोठ्या साखळीच्या हॉटेलांतच जातो. ज्यांच्या १० किंवा जास्त शाखा आहेत, त्यांना एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे कोणत्या पदार्थात कोणतं अ‍ॅलर्जन, म्हणजे अ‍ॅलर्जी आणणारा घटक, आहे याची माहिती द्यावी लागते, आणि त्यात ग्लुटेन असलेली धान्यं येतात. तो तक्ता हक्काने मागा. वेटरला माहीत नसेल तर मॅनेजरला बोलवा.

पण तक्त्यावर थांबू नका. इडली-डोशाचंच बघा. तांदूळ आणि उडीद, म्हणजे बिनधास्त खा, असं सगळे सांगतात. सांबारातल्या हिंगाचा विचार कुणी करत नाही. डबीतला हिंग नुसता हिंग नसतो, त्यात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं, आणि ते पीठ बरेचदा गव्हाचं असतं. चटणीच्या फोडणीतही तोच हिंग पडतो. शिवाय तवा. एक रवा डोसा उतरला की आचारी तव्यावर पाणी शिंपडतो, खराट्याने दोन फटके मारतो आणि त्याच जागी आपला साधा डोसा पसरतो. ग्लुटेन-फ्री म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. त्या हिशेबात तव्याच्या कडेला राहिलेला रवासुद्धा पुष्कळ झाला. म्हणून आम्ही तांदळाची इडली आणि बिनफोडणीची चटणी मागवतो. सांबार नाहीच.

उपवासाचे पदार्थ हा आपल्याकडचा मोठा आधार आहे. साबुदाण्याच्या खिचडीत गहू नाही, हिंगही नाही. वड्याच्या बाबतीत मात्र विचारायचं, की ज्या कढईत समोसे तळता त्यातच हे तळता का? थालीपिठाच्या वाटेला जाऊ नका, भाजणीत बहुधा गहू असतो.

पिझ्झ्याचा हट्ट मुलं करतातच. अमेरिकेत डॉमिनोजने २०१२ मध्ये ग्लुटेन-फ्री बेस आणला, तेव्हा सिलिअ‍ॅक असलेल्यांनी तो खाऊ नये हे त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. जिथे दिवसभर मैदा उडतो, तिथे नुसता बेस वेगळा असून भागत नाही. आमच्याकडे पिझ्झा घरीच होतो.

"थोडंसं चालेल ना?" असं प्रेमाने विचारणाऱ्यांना मी शांतपणे नाही म्हणते. गव्हाचा कण पोटात गेला की तिचं स्वतःचंच शरीर लहान आतड्याच्या अस्तरावर उलटतं. पोट दुखलं नाही, जुलाब झाले नाहीत, तरी आत इजा होऊ शकते. ही अ‍ॅसिडिटी नव्हे, आणि आईचं फॅडही नव्हे.

जायचं तर दुपारी चारच्या सुमारास जा. गर्दी नसते, आचाऱ्याला तवा नीट धुवायला सवड असते. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, खात्री देता येणार नाही," तर त्याचे आभार माना आणि उठा. आम्ही तसंच करतो. पिशवीत राजगिऱ्याचे लाडू आणि केळी असतातच.