दहाच्या आतलं रॉक: सोलापुरातली एक शनिवार संध्याकाळ

मागच्या खेपेला मी पुण्याहून संध्याकाळी सहाची हुतात्मा एक्सप्रेस धरली होती. रात्री दहाला सोलापूर स्टेशनावर उतरलो, धावतपळत रिक्षा केली, आणि पोचलो तेव्हा ड्रमर झांजा पिशवीत भरत होता. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगतो: सोलापुरात रॉक ऐकायला जायचं असेल तर दुपारीच पोचा. इथं रात्रीचा कार्यक्रम म्हणजे साडेपाच ते पावणेदहा.

त्याला कारण आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद ठेवायचा असतो. बंदिस्त सभागृहाला सूट आहे, पण आवाज आतल्या आत राहायला हवा. कॅफेच्या वरचा हॉल किंवा पत्र्याची शेड त्यात कशी बसणार? शाळा, दवाखाना, कोर्ट यांच्याभोवतीचं शंभर मीटरचं शांतता क्षेत्र तर आणखी कडक. मुंबईत धोबीतलावच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हा रॉकचा महोत्सव गाजायचा, तिथल्या मैफली याच शांतता क्षेत्रापायी थांबल्या. सोलापूरच्या पोरांनी भांडत न बसता घड्याळ मागे सरकवलं, आणि मला ते फार पटतं.

या वेळी उद्यान एक्सप्रेसनं आलो. पुण्याहून दुपारी बाराच्या आत सुटते, साडेतीनच्या सुमारास सोलापूर. मामेभाऊ स्टेशनावर उभाच होता. ‘काय बे, या वेळी उजेडात आलास की!’ म्हणत त्यानं बॅग घेतली. मामेबहीणही सोबत येणार होती, तिचा हा पहिलाच रॉकचा कार्यक्रम.

पहिलं ठिकाण सात रस्त्याजवळ, एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर. साठ-सत्तर माणसं उभी राहिली की हॉल भरतो. तिकीट दोनशे रुपये, दारातच यूपीआयनं. वर रेंज नीट नाही, त्यामुळं खाली असतानाच पैसे पाठवा नाहीतर सुट्टे जवळ ठेवा. पहिला बँड कॉलेजातल्या चार मुलांचा. तीन गाणी दुसऱ्यांची, दोन स्वतःची. दुसऱ्यांची गाणी त्यांनी स्वच्छ वाजवली. पण स्वतःचं गाणं सुरू झालं आणि गिटारवाल्या पोराचा चेहराच बदलला. शब्द मराठी, मधेच कानडीची एक ओळ, सोलापुरात घरोघरी बोलतात तशी. समोर तेव्हा जेमतेम वीस जण होते. उरलेले नंतर ‘मोठ्या’ बँडसाठी आले. कळकळीनं सांगतो, असं करू नका. छोट्या जागेत पहिल्या बँडला मिळालेली वीस माणसं म्हणजे त्यांच्या पुढच्या सहा महिन्यांच्या तालमीचं बळ असतं.

दुसरा बँड पुण्याचा, मेटल म्हणजे रॉकचाच जास्त दणदणीत प्रकार वाजवणारा. तो ठीक होता, वेगवान होता, पण व्होकलचा माइक इतका चढवलेला की सारखी शिट्टी येत होती. अशा हॉलमध्ये स्पीकरसमोर उभं राहू नये. मिक्सरवाला बसतो त्याच्या दोन पावलं मागं उभं राहायचं, कारण तो जे ऐकून आवाज लावतो तेच तुम्हाला ऐकू येतं. आणि कानात फोमचे बोळे घालाच, मेडिकलमध्ये अगदी स्वस्तात मिळतात. ८५ डेसिबल आवाज आठ तास सोसता येतो, पण दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते. शंभर डेसिबलला पंधराच मिनिटं उरतात. झांजेजवळ शंभर सहज होतात. बोळ्यांनी गाण्याची मजा कमी होत नाही, उलट बास जास्त सुटा ऐकू येतो.

सव्वासातला तिथलं आवरलं. खरी रात्र पुढच्या ठिकाणी होती.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एक यंत्रमागाची शेड आहे. निम्मे माग भंगारात गेले, निम्मे अजून चालतात, मधे विटांची भिंत. रिकाम्या झालेल्या निम्म्या भागात मालकांचा मुलगा आपल्या बँडची तालीम करतो, आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा मित्रांना बोलावून कार्यक्रम लावतो. सात रस्त्याहून रिक्षानं वीसेक मिनिटं लागली. रात्री तिकडून परतीची रिक्षा मिळत नाही, रस्ताही अंधारा आहे. जाताना जी रिक्षा कराल तिलाच पावणेदहाची वेळ देऊन ठेवा. आमच्या रिक्षावाल्या अण्णांनी थांबायचे शंभर जास्त घेतले, आणि शेवटची दोन गाणी दारात उभं राहून ऐकली.

स्टेज नाही. सिमेंटच्या जमिनीवर एक जुनं जाजम, त्यावर ड्रम. मी ड्रमच्या अगदी बाजूला, दोन हातांवर उभा होतो. बास ड्रमच्या, म्हणजे पायानं वाजवायच्या सगळ्यात मोठ्या ड्रमच्या, पोटात सोलापुरी चादर घडी करून कोंबलेली, तांबड्या-हिरव्या मोराच्या नक्षीचा एक कोपरा बाहेर डोकावत होता. आवाज घुमू नये म्हणून ड्रममध्ये उशी, घोंगडं काहीतरी घालावंच लागतं, इथं चादर. फ्लोअर टॉम या जमिनीवर उभ्या ड्रमवर टर्किश टॉवेलचा तुकडा चिकटवलेला. भिंतींवरही चादरीच लटकावलेल्या. मामेभाऊ म्हणाला शोभेसाठी असतील, पण एक बाजूला केल्यावर पत्र्याचा झणझणाट लगेच वाढला. जाड सुती कापडानं वरच्या पट्टीतला आवाज शोषला जातो, आणि या गावात अशा कापडाला तोटा नाही.

पहिल्या गाण्यावर बास सुरू झाला आणि छतावरून काहीतरी पांढरं गळायला लागलं. तूस! वर्षानुवर्षं छताच्या कैच्यांवर साठलेलं कापसाचं तूस, प्रत्येक ठोक्याला थोडं थोडं सुटत होतं. एकुलत्या बल्बच्या उजेडात ते तरंगत खाली यायचं आणि स्नेअर या मधल्या ड्रमच्या चामड्यावर पडलं की पुढच्या फटक्यासरशी पुन्हा उडायचं. मामेबहिणीच्या केसांत, गिटारच्या तारांवर, सगळीकडे तूस. तिनं ते झटकलं नाही, नुसती बघत राहिली. ज्यांना दमा आहे किंवा धुळीची ॲलर्जी आहे त्यांनी मात्र मास्क न्यावा, हे गंभीरपणे सांगतोय.

दोन गाण्यांच्या मधे शांतता झाली की भिंतीपलीकडचे चालू माग ऐकू यायचे. खटक-खटाक, खटक-खटाक. तिसऱ्या गाण्याआधी ड्रमर हात वर धरून थांबला. आम्हाला वाटलं काठी तुटली. तो माग ऐकत होता. मग त्याच लयीत त्यानं हाय-हॅट, म्हणजे एकावर एक बसवलेल्या झांजांची जोडी, धरला, बासवाला त्यावर आला, आणि गाणं उभं राहिलं. गाण्याचे शब्द मराठी होते, शेवटचं कडवं तेलुगू. शहराच्या पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांच्या घरांत जी तेलुगू बोलतात तीच. मला अर्थ लागला नाही, पण पुढं उभ्या असलेल्या एक-दोन आज्ज्या, बहुधा शेजारच्या खोल्यांतून आलेल्या, त्या ओळीला मान हलवत होत्या. पुण्यात मी याहून कितीतरी महागडी वाद्यं आणि मोठे दिवे पाहिलेत. असं गाणं तिथं ऐकलं नाही.

कार्यक्रमानंतर टी-शर्ट विकतात तसे इथं नॅपकिन विकत होते, बँडचं नाव छापलेले, शंभरला एक. घ्या. ड्रमचं भाडं, टेम्पो, जनरेटरचं डिझेल यातूनच निघतं, तिकिटात भागत नाही असं मालकांच्या मुलानंच सांगितलं.

जाण्याचा काळ म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीपार असतो, आणि पत्र्याखाली शंभर माणसं म्हणजे भट्टीच. जानेवारीत संक्रांतीच्या गड्डा यात्रेचे दिवस मात्र टाळा, नाहीतर लॉजचं आधीच बघून ठेवा, सिद्धरामेश्वरांच्या यात्रेला गाव भरलेलं असतं. मधल्या वेळात जेवायला फुरसत मिळत नाही. मी मामींकडून कडक भाकरी आणि शेंगा चटणी बांधून घेतली होती, रिक्षातच खाल्ली. त्याच रात्री परतायचं असेल तर मुंबईकडे जाणारी सिद्धेश्वर एक्सप्रेस साडेदहानंतर सुटते, पण एमआयडीसीतून स्टेशन गाठेपर्यंत जीव टांगणीला लागतो. मुक्काम करून सकाळी साडेसहाची हुतात्मा बरी. वेळा तिकीट काढताना एकदा तपासून घ्या.

पावणेदहाला शेवटचा सूर थांबला. ड्रम टेम्पोत चढवायला आम्ही हात लावला. बाहेर चांगलीच थंडी होती. ड्रमरनं बास ड्रममधली चादर ओढून काढली, दोनदा झटकली, तूस उडालं, आणि तीच अंगावर घेऊन तो टेम्पोत मागं ड्रमला टेकून बसला.