राणीची बाग: जे आलंय ते नीट पाहा, जे यायचंय त्याला वेळ द्या

राणीच्या बागेला, म्हणजे मुंबईच्या भायखळ्यातल्या प्राणिसंग्रहालयाला, बुधवारी सुट्टी असते, हे सगळ्यात आधी सांगतो. भायखळ्याला उतरून, उन्हातून चालत येऊन, बंद फाटकासमोर मुलांची समजूत काढणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. बुधवारी सणाची किंवा सरकारी सुट्टी आली तर बाग उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात. निघण्याआधी एवढं कॅलेंडर बघून घ्या.

दुसरी गोष्ट, सुट्टीच्या दिवशी जायचंच असेल तर फाटक उघडतं त्या वेळेला पोहोचा. साडेनऊच्या सुमारास प्रवेश सुरू होतो. आम्ही शनिवारी गेलो होतो, सोबत आई आणि माझी भाची. साडेदहापर्यंत बाग आमची होती, बारानंतर ती सगळ्या मुंबईची झाली. 1 जानेवारी 2023 ला एका दिवसात 30 हजारांहून जास्त माणसं आत येऊन गेली होती. नाताळची सुट्टी आणि मे महिना टाळता आला तर टाळा.

मध्य रेल्वेने भायखळा, पूर्वेला बाहेर पडायचं. दहा मिनिटं चालत. स्टेशनातून बाहेर पडताना मान वर करून ती इमारत बघून घ्या, अलीकडे तिचं जतनाचं काम इतकं छान झालंय की 2022 मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक पुरस्कारांत तिचं नाव आलं. आम्ही गेलो तेव्हा मोठ्यांना 50 रुपये, मुलांना 25 आणि आईबाबा-दोन मुलं अशा कुटुंबाला 100 रुपये तिकीट होतं. ज्येष्ठांना प्रवेश मोफत आहे, पण ओळखपत्र जवळ ठेवा. तिकीट महापालिकेकडून ऑनलाइनही काढता येतं आणि रविवारी त्याने रांगेतला बराच वेळ वाचतो.

आत शिरल्यावर बहुतेक जण समोर जे दिसेल तिकडे वळतात. तुम्ही आधी पेंग्विनकडे जा. तो बंद, वातानुकूलित कक्ष आहे, आत एका वेळी मोजकेच लोक मावतात, त्यामुळे सगळ्यात लांब रांग तिथेच लागते. सकाळी पहिल्या अर्ध्या तासात गेलात तर काचेला नाक लावून उभं राहता येतं. दुपारी मागून ढकलाढकली सुरू होते आणि सुरक्षारक्षक "चला, पुढे चला" म्हणत राहतात.

हे हम्बोल्ट पेंग्विन. बर्फातले नव्हेत, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. तिथे समुद्रातून थंड पाण्याचा प्रवाह वाहतो, म्हणून विषुववृत्ताच्या इतक्या जवळ पेंग्विन राहू शकतात. आतलं तापमान 16 ते 18 अंशांच्या आसपास ठेवतात. म्हणजे मुंबईकराला स्वेटर आठवेल इतकं, पण अंटार्क्टिकाच्या गोठवणाऱ्या थंडीच्या जवळपासही नाही. काचेजवळ उभं राहून दोन गोष्टी बघा. चोचीच्या मुळाशी उघडी गुलाबी कातडी असते. आणि छातीवर एकच काळा पट्टा, त्याखाली पांढऱ्या पोटावर विखुरलेले काळे ठिपके. प्रत्येकाच्या ठिपक्यांची मांडणी वेगळी असते. माझ्या भाचीने एका पेंग्विनच्या पोटावरचे तीन ठिपके लक्षात ठेवले आणि तो पाण्यात सूर मारून दुसऱ्या टोकाला वर आला तेव्हा बरोबर ओळखला. जमिनीवर डुलत चालणारा हा पक्षी पाण्याखाली पंखांनी अक्षरशः उडतो. ते खालच्या काचेतून दिसतं, तेव्हा मुलांना उंच उचलण्यापेक्षा खाली बसवा.

एखादा पेंग्विन विस्कटलेला, पिसं झडलेला, कोपऱ्यात उभा दिसला तर तो आजारी आहे असं समजून हळहळू नका. वर्षातून एकदा त्यांची सगळी पिसं बदलतात आणि त्या दोन-तीन आठवड्यांत ते पाण्यात उतरत नाहीत.

या पेंग्विनांची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. जुलै 2016 मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ पेंग्विन आले. त्यांचा मुख्य कक्ष तेव्हा तयार नव्हता, म्हणून त्यांना तात्पुरत्या जागेत ठेवलं होतं. ऑक्टोबरमध्ये त्यातली एक मादी जंतुसंसर्गाने गेली. लोकांना पेंग्विन दिसायला मार्च 2017 उजाडला. 15 ऑगस्ट 2018 ला पहिलं पिल्लू जन्मलं, तेही आठवडाभरात गेलं. आज तिथे जी भरलेली वसाहत दिसते, तिच्यातली बरीचशी पाखरं मुंबईतच अंड्यातून बाहेर आलेली आहेत. एवढं जमायला माणसांना शिकावं लागलं, यंत्रं बसवावी लागली आणि पक्ष्यांना इथे रुळावं लागलं. पुढे सिंहांविषयी जे लिहितो आहे, ते वाचताना हे डोक्यात असू द्या.

पेंग्विननंतर मुक्त पक्षीविहार. 2020 पासून खुला आहे. आत पिंजरा नाही, म्हणजे आपणच पिंजऱ्यात शिरतो आणि पक्षी डोक्यावरून जातात. जाळीचं छत पाच मजल्यांइतकं उंच आहे. पुलावर मधोमध थांबा आणि पाच मिनिटं हलू नका. लोक मोबाइल वर धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जातात आणि "काय, बगळेच आहेत" म्हणून बाहेर पडतात. थांबलात तर चित्रबलाक पाण्यात चोच उघडी ठेवून उभा दिसेल. माशाचा स्पर्श झाला की ती चोच मिटते, डोळ्याने मासा शोधायची त्याला गरजच नसते. आमच्यासमोर त्याने एकदा मासा पकडला आणि आई, जी एरवी अशा ठिकाणी बाकडं शोधते, ती कठड्याला धरून उभीच राहिली.

नव्या गोष्टींमध्ये मला सगळ्यात आवडला मगर-सुसरींचा कक्ष. 2023 मध्ये सुरू झाला. वरून बघायला गच्ची आहे आणि खाली पाण्याच्या पातळीला काच. वरून बघितलं तर मगर म्हणजे एक ओंडका, मुलं दोन मिनिटांत कंटाळतात. खाली जा. तिथून तिची शेपूट, पाण्यात सैल सोडलेले पाय आणि बाहेर राहिलेले फक्त डोळे-नाकपुड्या असं सगळं एकाच वेळी दिसतं. मगर आणि सुसर यांतला फरक मुलांना इथेच दाखवा: मगरीचं तोंड रुंद, सुसरीचं लांब, निमुळतं, दोन्ही कडांना बारीक दातांची ओळ. ते मासे पकडायला बनलेलं तोंड आहे. थंडीच्या दिवसांत सकाळी गेलात तर मगर काठावर आ वासून पडलेली दिसते. ती चिडलेली नसते, अंगातली उष्णता सांभाळत असते. खडे किंवा नाणी टाकू नका. हे लिहावं लागतं याचं वाईट वाटतं, पण आमच्या शेजारचा एक मोठा माणूस नाणं टाकायच्या बेतात होता. ते पोटात गेलं की जनावर मरू शकतं.

वाघ काचेच्या मागे आहेत. शक्ती आणि करिश्मा ही जोडी फेब्रुवारी 2020 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून आली, आणि बरीच वर्षं वाघाविना राहिलेल्या बागेत पुन्हा डरकाळी ऐकू येऊ लागली. दुपारी एक ते तीन वाघ झोपतो, तेव्हा काच वाजवून काही होत नाही. सकाळी किंवा चारनंतर जा. बिबट्या, अस्वल, तरस यांचंही तेच. पाणघोडे मात्र भर उन्हात पाण्यात असतात, म्हणून दुपारची वेळ त्यांच्यासाठी ठेवा.

आता सिंह. "मामा, सिंह कुठंय?" हा प्रश्न आम्हाला तासाभरात विचारला गेला, आणि बाकीच्या प्रत्येक कुटुंबात तो विचारला जात होता. आम्ही गेलो तोवर आलेले नव्हते. बागेच्या विस्ताराच्या बातम्यांत झेब्रा, जिराफ, चित्ता, जॅग्वार अशी बरीच नावं गेल्या काही वर्षांत छापून आली आहेत. त्या बातम्या वाचून जाल तर निराश व्हाल. जाण्याआधी मुलांना सांगा की आज पेंग्विन, वाघ, मगर आणि पाणघोडा बघायचे आहेत.

पण "एवढी वर्षं झाली, एक सिंह आणता येत नाही?" असं जे बाकड्याबाकड्यावर ऐकू येतं, ते मला पटत नाही. आपल्याकडे सिंह-वाघ विकत मिळत नाहीत. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा, प्राणिसंग्रहालयांचं प्रकरण त्यात नंतर आलं आणि केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण 1992 मध्ये स्थापन झालं. एका प्राणिसंग्रहालयातून दुसऱ्यात प्राणी न्यायचा तर या प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि साधारणपणे तो बदल्यात येतो. तुमच्याकडे काय आहे, त्यावर तुम्हाला काय मिळणार हे ठरतं. सिंह म्हणजे गुजरातेतल्या जुनागढचं सक्करबाग प्राणिसंग्रहालय. त्यांना सिंहांच्या बदल्यात झेब्रे हवे होते, ते परदेशातून आणायचे प्रयत्न झाले आणि जमले नाहीत. तिथे गाडी अडली.

याच मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाला 2022 मध्ये सक्करबागेतूनच सिंहांची जोडी मिळाली, कारण त्यांच्याकडे बदल्यात द्यायला वाघ होते. म्हणून राणीच्या बागेत जन्मलेलं पेंग्विनचं प्रत्येक पिल्लू मोलाचं आहे. देशात दुसऱ्या प्राणिसंग्रहालयांना हवं असेल असं काहीतरी आता मुंबईकडे आहे.

आणि प्राणी ठरला तरी आधी घर लागतं. रात्री आत घ्यायच्या खोल्या, प्राणी आणि माणूस यांच्यामधला खंदक किंवा काच, उपचारांसाठी वेगळी जागा, सांभाळणारी शिकलेली माणसं. आल्यावर काही आठवडे त्याला वेगळं ठेवून तपासायचं, मग लोकांसमोर आणायचं. यातली एक पायरी गाळली की काय होतं, ते या बागेने पेंग्विनांच्या वेळी सोसलं आहे. पत्र्यांआड काम चालू असलेला कक्ष दिसला की मला बरं वाटतं. उद्घाटनाच्या तारखेसाठी घाईने आणलेल्या प्राण्यापेक्षा आज रिकामा असलेला पिंजरा शंभर पटींनी चांगला. फक्त मुलांसाठी तिथे मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असावं की इथे कोण येणार आहे, कुठून, आणि कशासाठी थांबलोय. वाट बघायला मुलं तयार असतात, कारण कळलं पाहिजे.

झाडांकडे बघायला विसरू नका. ही बाग मुळात वनस्पती उद्यान म्हणून 1862 मध्ये खुली झाली, प्राणी नंतर आले. 50 एकरांच्या वर जागा, त्यात शेकडो जातींची झाडं. गोरखचिंचेच्या बुंध्याशी उभं राहून फोटो काढा, कैलासपतीची फुलं थेट खोडावर फुटलेली दाखवा. हिवाळ्याच्या शेवटी किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला गेलात तर उर्वशीला फुलं असतील. लाल-पिवळी, झुंबरांसारखी खाली लोंबणारी. ब्रह्मदेशातलं हे झाड मुंबईत इतक्या सहज दुसरीकडे बघायला मिळणं कठीण आहे. मध्यंतरी बागेच्या कायापालटाचे आराखडे आले, तेव्हा याच झाडांसाठी मुंबईकर नागरिक उभे राहिले होते. आज सावलीत बसून डबा उघडता येतो, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

डब्यावरून आठवलं. प्लास्टिकच्या पिशव्या नेऊ नका, पाण्याची बाटली घरचीच घ्या आणि रिकामी परत आणा. उपाहारगृह आहे, पण दुपारी तिथे गर्दी असते. पोळी-भाजी नेलीत तर उत्तम. माकडांना, हरणांना त्यातलं काही देऊ नका, कितीही जवळ आली तरी. रस्ते बहुतेक सपाट आहेत, आईला गुडघ्याचा त्रास असूनही तिने बाकडी धरत धरत सगळी बाग केली. लहान बाळ असेल तर ढकलगाडी चालते. पावसाळ्यात छत्रीपेक्षा रेनकोट बरा, पक्षीविहाराच्या पुलावर छत्र्या एकमेकींत अडकतात.

तीन तास पुरतात. ताकद उरली असेल तर शेजारीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, 1872 चं. त्याचीही सुट्टी बुधवारीच. आत नाही गेलात तरी आवारातला दगडी हत्ती मुलांना दाखवा. घारापुरीचा तो. 1864 मध्ये ब्रिटिशांनी इंग्लंडला न्यायला उचलला तेव्हा तुटला, तुकडे इथेच राहिले आणि 1914 मध्ये पुन्हा जोडून उभा केला. भाचीने त्याच्या सोंडेजवळच्या जोडाच्या रेषा शोधून काढल्या.

सिंह बघायचाच असेल तर वेगळा दिवस काढा आणि बोरिवलीला जा. पश्चिम रेल्वे, स्टेशनच्या पूर्वेला, सफारीची गाडी आतून सुटते. तिथे सुट्टी सोमवारी असते.